नरकासुराचा हात खांद्यातून निसटतो: वाचकांचे थ्रीडीचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं वाचली तर बहुतेकांचं दुखणं एकच आहे, वस्तू एकेकटी नीट बनते पण दुसरीला धरून राहत नाही. हात खांद्याला लागत नाही, केबल खांबापर्यंत पोचत नाही, फळ टांगलं की उडी मारतं. आणि उपाय म्हणून जवळजवळ सगळ्यांनी आकडे थोडेथोडे बदलून बघितलेत, ०.३ चे ०.३५, मग ०.३४, डोळ्याला बरं दिसेपर्यंत. हे मला मनापासून थांबवायचंय, म्हणून यावेळची सगळी जागा याच प्रश्नांना दिलीय. बहुतेकजण थ्री.जेएस (ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारी लायब्ररी) वापरताय म्हणून नावं त्यातली घेतलीत, गणित कुठेही तेच.

ताई, मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वाड्यावरचा ग्रुप दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतो, यंदा तलवारीचा हात वरखाली होणारा करायचाय म्हणून आधी कंप्युटरवर करून बघतोय. दंडाला एक सिलिंडर आणि कोपराखाली एक सिलिंडर घेतलाय. दंड फिरवला की तो मधोमध गरगरतो आणि खांदा सोडतो, कोपराखालचा हात तर तिथेच हवेत राहतो. प्रत्येक अँगलसाठी पोझिशन वेगळी टाइप करून बघितली, पण हलायला लागलं की सगळं विस्कटतं. – एक विद्यार्थी, फोंडा

पहिली गोष्ट, सिलिंडरचा शून्यबिंदू त्याच्या पोटात असतो, बरोबर मध्यावर. बॉक्स, सिलिंडर, गोल, सगळे स्वतःच्या केंद्राभोवती बनून येतात आणि रोटेशन दिलं की त्या शून्यबिंदूभोवतीच फिरतात. दार बिजागरीवर फिरतं, फळीच्या मध्यावर नाही, आणि तुझ्या दंडाला अजून बिजागरीच नाही. ती आधी बसव.

बिजागरी म्हणजे रिकामा ग्रुप. त्यात दिसणारं काही नसतं, फक्त एक जागा आणि एक फिरणं असतं. समज दंड १.६ मीटरचा आहे, कोपराखालचा हात १.४ चा, आणि खांदा कमरेपासून १.८ वर आणि ०.९ बाजूला. कमरेपाशी 'धड' नावाचा ग्रुप कर. त्याच्या आत 'खांदा' ग्रुप, पोझिशन ०.९, १.८, ०. त्या खांद्याच्या आत दंडाचा सिलिंडर, पण पोझिशन ०, उणे ०.८, ०. म्हणजे निम्म्या लांबीइतका खाली ढकलायचा, मग सिलिंडरचं वरचं टोक बरोबर खांद्याच्या शून्यावर येतं. आता सिलिंडरला हात लावायचा नाही, खांदा ग्रुप फिरवायचा. दंड टोकातून फिरेल.

पुढे तेच. खांद्याच्या आत 'कोपर' ग्रुप, पोझिशन ०, उणे १.६, ०, कारण दंड तिथे संपतो. कोपराच्या आत खालच्या हाताचा सिलिंडर उणे ०.७ वर. कोपराच्याच आत 'मनगट' ग्रुप उणे १.४ वर, आणि तलवार मनगटात. यातला एकही आकडा अंदाजाचा नाही बघ, सगळे लांबीतून आलेत. दंडाची लांबी बदलली तर कोपर आपोआप सरकतं, फक्त ती लांबी एका व्हेरिएबलमध्ये ठेव आणि उणे ०.८ असं कुठेही हाताने लिहू नको, 'लांबी भागिले दोन' असं लिही.

खांदा फिरवला की कोपर, मनगट, तलवार सगळं मागून का येतं, तर प्रत्येक वस्तूचं स्वतःचं एक मॅट्रिक्स असतं, म्हणजे तिची जागा, फिरणं आणि स्केल लिहिलेला आकड्यांचा तक्ता, ते तिच्या आईवडील ग्रुपच्या सापेक्ष असतं, आणि जगातली खरी जागा काढताना वरपासून खालपर्यंत गुणाकार होतो: धड गुणिले खांदा गुणिले कोपर गुणिले मनगट. एका वस्तूच्या आत पण क्रम ठरलेला आहे, आधी स्केल, मग फिरणं, मग सरकणं. हा क्रम उलटला तर उत्तर वेगळं येतं, कारण आधी सरकवून मग फिरवलं तर वस्तू लांबून प्रदक्षिणा घालते. तुझ्या कोपराला नेमकं तेच हवंय, त्याने खांद्याभोवती प्रदक्षिणाच घालायची आहे, म्हणून ते खांद्याच्या आत हवं. पी५ मधलं पुश आणि पॉप, जुन्या ओपनजीएलमधलं पुशमॅट्रिक्स-पॉपमॅट्रिक्स, हे सगळं याच कामासाठी.

दोन बारक्या गोष्टी. कोपर वाकवलं की दोन सिलिंडरच्या मध्ये बाहेरच्या अंगाला पाचरीसारखी फट दिसेल, तिथे सिलिंडरच्याच रेडियसचा एक गोल कोपराच्या शून्यावर ठेव, फट कुठल्याही अँगलला बुजते. आणि अँगल रेडियनमध्ये द्यायचा असतो, ९० टाइप केलंस तर हात चौदा फेऱ्यांहून जास्त फिरून भलतीकडे थांबेल, ९० अंश म्हणजे १.५७०८.

आणि तुम्ही हा खरंच उभा करणार आहात म्हणून सांगते, मॉडेलमध्ये कोपराला मर्यादा घाल, किती अंशापासून किती अंशापर्यंत. लोखंडी पाइप आणि मोटर लावाल तेव्हा तोच आकडा लागणार आहे, आणि तलवारीचं टोक सगळ्यात लांब कुठे पोचतं ते, टोकाशी मनगटाच्या आत एक रिकामा ग्रुप ठेवून त्याची वर्ल्ड पोझिशन छापली की आधीच कळेल, मग गर्दीला किती मागे ठेवायचं ते ठरवता येईल.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूचं मॉडेल ब्राउझरमध्ये करतेय. खांबावरचे आणि रस्त्यावरचे बिंदू माझ्याकडे आहेत, पण त्यांच्यामध्ये केबल म्हणून सिलिंडर टाकला की तो उभाच राहतो. लूकॅट वापरलं तर भलतीकडे बघतो. अँगल काढून काढून थकले. शिवाय सगळं मॉडेल कॅमेरा फिरवला की थरथरतं. – एक वाचक, पर्वरी

तुमच्याकडे दोन बिंदू आहेत म्हणजे सगळं आहे, अँगल काढायची गरजच नाही. अँगलच्या मागे लागलं की साइन, कोसाइन, कुठल्या बाजूचा कोन, अधिक की उणे, यात दिवस जातो. दोन बिंदूंमधून तीन गोष्टी काढायच्या: मध्य, अंतर आणि दिशा.

एक केबल घेऊन बघूया. रस्त्यावरचा बिंदू ३०, ०, ० आणि खांबावरचा ०, ४०, ०. मध्य म्हणजे दोघांची सरासरी, १५, २०, ०. हीच सिलिंडरची पोझिशन, कारण तो मध्याभोवती बनलेला असतो. खांबाच्या बिंदूतून रस्त्याचा बिंदू वजा केला की उणे ३०, ४०, ० मिळतं, त्याची लांबी ५०, म्हणजे सिलिंडर ५० उंचीचा. आणि त्याला ५० ने भागलं की उणे ०.६, ०.८, ०, ही दिशा, जिची स्वतःची लांबी १ आहे. आता सिलिंडर जन्मतः वाय अक्षावर उभा असतो, म्हणजे ०, १, ० या दिशेला. प्रश्न एवढाच उरला की ०, १, ० ला फिरवून उणे ०.६, ०.८, ० वर कसं न्यायचं, आणि हे करायला क्वाटर्नियनचं (फिरणं चार आकड्यांत लिहायची पद्धत) तयार फंक्शन आहे, सेटफ्रॉमयुनिटव्हेक्टर्स. पहिलं 'आत्ता कुठे बघतोय', दुसरं 'कुठे बघायचंय'. दोन्ही एक लांबीचे हवेत, म्हणूनच ते ५० ने भागणं, ते विसरलं की केबल वाकड्यातिकड्या येतात आणि एरर काहीच येत नाही.

आत काय होतं ते पण सांगते, कारण दुसऱ्या इंजिनमध्ये हे फंक्शन नसेल तर स्वतः लिहिता यायला हवं. दोन दिशांचा क्रॉस प्रॉडक्ट काढला की फिरण्याचा अक्ष मिळतो, इथे ०, ०, ०.६, म्हणजे झेड अक्ष. डॉट प्रॉडक्ट काढला की कोनाचा कोसाइन मिळतो, इथे ०.८, म्हणजे ३६.८७ अंश. एकच जागा सांभाळायची, केबल बरोबर सरळ खाली जाणारी असेल तर क्रॉस प्रॉडक्ट शून्य होतो आणि अक्षच सापडत नाही, थ्री.जेएस ते आतल्या आत सांभाळतं, तुमचा स्वतःचा कोड सांभाळणार नाही.

लूकॅट का चुकतं, तर ते वस्तूचा झेड अक्ष त्या बिंदूकडे वळवतं आणि सिलिंडर वायवर उभा. लूकॅटच वापरायचं असेल तर भूमितीच आधी एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवून झेडवर झोपवा, मग चालेल. मला पहिला रस्ता जास्त आवडतो.

हे सगळं एका फंक्शनमध्ये टाका ज्याला फक्त दोन बिंदू आणि जाडी द्यायची. एक उंचीचा सिलिंडर एकदाच बनवा आणि वाय स्केल ५० करा, प्रत्येक केबलसाठी नवी भूमिती नको, आणि केबल खूप असतील तर इन्स्टन्स्डमेश वापरा, सगळ्या केबल एका हाकेत ड्रॉ होतात. हेच फंक्शन झुआरीवरच्या नव्या पुलाला पण चालेल, तोही केबलचाच आहे.

आता थरथर. तुम्ही लिहिलंय की बिंदू सर्व्हेच्या ड्रॉइंगमधून जसेच्या तसे घेतले, आणि मला वाटतं आजार तिथेच आहे. यूटीएममध्ये (सर्व्हेत जागा मीटरमध्ये लिहायची पद्धत) पणजीजवळचा उत्तरेचा आकडा १७ लाख मीटरच्या घरात असतो, विषुववृत्तापासून मोजलेला. ग्राफिक्स कार्ड ३२ बिटचा फ्लोट वापरतं, त्यात साधारण सात अंक नीट मावतात, आणि १७ लाखाच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमध्ये ०.१२५ मीटरचं अंतर पडतं. म्हणजे तुमची प्रत्येक केबल साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर उड्या मारतेय, कॅमेरा हलला की पायरी बदलते आणि मॉडेल थरथरतं. पुलाचा एक बिंदू निवडा, समजा पणजीकडच्या बाजूचा एखादा खांब, आणि कोडमध्ये वाचताक्षणीच सगळ्या बिंदूंमधून तो वजा करा. पूल सगळा मिळून पाच किलोमीटरचा, मग आकडे पाच हजारांच्या आत राहतात आणि पायरी अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते. मूळ आकडा वेगळा लिहून ठेवा, पुढे नकाशावर बसवायचं झालं तर लागेल.

ताई, बिंदूला एक्स, वाय, झेड तीनच आकडे असतात, मग मॅट्रिक्स चार बाय चारचं कशाला? कॉलेजात फक्त 'फॉर्म्युला असाच आहे' म्हणून सांगितलं. – एक विद्यार्थिनी, मडगाव

तीन बाय तीनने फिरवता येतं, ताणता येतं, पण सरकवता येत नाही, कारण शून्याला कुठल्याही मॅट्रिक्सने गुणलं तरी शून्यच राहतो, आणि सरकवणं म्हणजे तर शून्यालाच जागेवरून हलवणं. म्हणून बिंदूला चौथा आकडा जोडायचा, १, आणि मॅट्रिक्सच्या चौथ्या कॉलममध्ये किती सरकायचं ते ठेवायचं. गुणाकारात तो कॉलम १ ने गुणला जातो आणि बेरीज होऊन जाते. या प्रकारचे कोऑर्डिनेट्स मोबियसने १८२७ मध्ये मांडले, ग्राफिक्स जन्माला यायच्या कितीतरी आधी.

फायदा हा की सरकणं पण गुणाकारच झालं, त्यामुळे वरच्या नरकासुराची धड-खांदा-कोपर-मनगट ही सगळी साखळी गुणून एकच मॅट्रिक्स उरतं. आणि चौथ्या आकड्यात अजून एक गंमत आहे, तो १ असेल तर ती जागा, ० असेल तर ती दिशा. सूर्यप्रकाशाची दिशा ० घेऊन गुणली की ती फिरते पण सरकत नाही, आणि तसंच व्हायला हवं, वस्तू पणजीतून मडगावला नेली म्हणून उन्हाचा कल बदलत नाही.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावरून मुलांसाठी एक मॉडेल करायला घेतलं आहे. आठ बाजूंचे सिलिंडर एकावर एक ठेवतो, पण मजले एकमेकांत घुसतात. दिव्यांचे कोनाडे भिंतीला न लागता बाहेर तरंगतात, आणि रंगाचा पट्टा लावला तिथे कॅमेरा हलवला की झगमगतं. – एक वाचक, म्हार्दोळ

सर, तुमचं पत्र मला फार आवडलं, विशेषतः प्रत्येक मजल्याचं माप लिहून पाठवलंत ते. तुमच्या मापांवरूनच सांगते.

मजले घुसतात कारण पोझिशन मध्याची असते आणि तुम्ही ती तळाची समजून देताय. पहिला मजला २.४ चा, त्याचा मध्य १.२ वर. दुसरा २.० चा, तो २.४ वर सुरू होतो म्हणून मध्य ३.४ वर. तिसरा १.८ चा, मध्य ५.३ वर. हे दरवेळी मनात करण्यापेक्षा प्रत्येक मजल्याला एक ग्रुप द्या ज्याचा शून्य तळाशी असेल, आत सिलिंडर निम्म्या उंचीने वर उचला, आणि ग्रुपची जागा म्हणजे खालच्या सगळ्या मजल्यांच्या उंचीची बेरीज. मग कुठल्याही मजल्याची उंची बदला, वरचे आपोआप वर चढतात.

कोनाड्यांची गोष्ट मजेदार आहे, आणि तुम्ही चित्रकलेचे म्हणून लगेच दिसेल. अष्टकोनाची त्रिज्या कोपऱ्यापर्यंत मोजलेली असते. सपाट बाजूचा मध्य त्याहून आत असतो, त्रिज्या गुणिले २२.५ अंशाचा कोसाइन, म्हणजे ०.९२४ पट. तुमची त्रिज्या २ मीटर, तर भिंत १.८५ वर आहे आणि कोनाडा तुम्ही २ वर ठेवलाय, पंधरा सेंटिमीटर हवेत. १.८५ वर ठेवा, किंवा अजून थोडा आत, कोनाडा भिंतीत रुतलेलाच असतो. शिवाय थ्री.जेएसचा सिलिंडर झेडच्या दिशेला कोपरा घेऊन उभा राहतो, सपाट बाजू नाही, म्हणून फक्त सिलिंडर २२.५ अंशाने फिरवा, ग्रुप नाही. मग आठ कोनाड्यांसाठी मजल्याच्या मध्यावर आठ रिकामे ग्रुप, ०, ४५, ९० असे फिरवलेले, आणि प्रत्येकाच्या आत कोनाडा तोच, ०, उंची, १.८५ या एकाच जागेवर. आठ वेगळ्या जागा शोधायच्याच नाहीत.

झगमगणं याचं कारण पट्टा आणि भिंत बरोबर एकाच प्रतलावर आहेत, दोघांची खोली सारखी, मग कुठला पिक्सेल कोणाचा हे प्रत्येक फ्रेमला वेगळं ठरतं. पट्टा एक सेंटिमीटर बाहेर काढा, दिसतही नाही आणि भांडण मिटतं. तरी लांबून झगमगलं तर कॅमेऱ्याचं नियर, म्हणजे कॅमेऱ्यापासून किती अंतरावरून वस्तू दिसायला लागतात, ते किती आहे बघा. तुम्ही ०.००१ लिहिलंय, ते फार कमी आहे, खोली मोजण्याची जवळजवळ सगळी बारकाई कॅमेऱ्याच्या नाकाशी खर्च होते आणि लांबच्या स्तंभासाठी काही उरत नाही. ०.५ करा, एवढ्याने बहुतेक थांबेल. मजल्यांच्या मधल्या पृष्ठभागांची काळजी नको, वरच्याचा तळ खाली तोंड करून असतो म्हणून वरून तो काढलाच जात नाही, मटेरियल दोन्ही बाजूंनी दिसणारं ठेवलं नसेल तर.

ताई, चवथीसाठी छोटा गेम करतोय, मुलांनी फळं उचलून माटोळीला बांधायची. नारळ माउसने नेऊन सोडला की माटोळीत अ‍ॅड करतो, पण तो उडी मारून भलतीकडे जातो, आणि लांबट चपटा होतो. चिबूड तर पट्टीसारखा दिसतो. – एक वाचक, साखळी

उडी आणि चपटेपणा, दोन्हीचं कारण नारळाच्या आकड्यांचा मालक बदलला हे आहे. नारळ सीनमध्ये होता तेव्हा त्याची पोझिशन जगाच्या शून्यापासून होती. अ‍ॅड केलंस की तेच आकडे माटोळीच्या शून्यापासून मोजले जातात, आकडे तेच, जागा दुसरी. अ‍ॅडच्या जागी अ‍ॅटॅच वापर, ते जगातली जागा आहे तशी ठेवून आतले आकडे नवीन मालकाप्रमाणे बदलतं.

पण तुझ्याकडे नुसतं अ‍ॅटॅच करून भागणार नाही. तू माटोळीचा दांडा म्हणून एक घन घेतलास आणि त्याला ४, ०.१, ०.१ असं स्केल दिलंस, आणि फळं त्या घनाच्याच आत टाकतोस. आईचं स्केल लेकरांना लागतं, म्हणून नारळ एका दिशेला चौपट आणि बाकी दोन दिशांना दहावा हिस्सा. त्यात फळ थोडं तिरकं फिरलं की नुसतं ताणलं जात नाही, कलंडतं, आणि असं कलंडणं पोझिशन-रोटेशन-स्केल या तिघांत लिहिताच येत नाही, त्यामुळे असमान स्केलच्या आत अ‍ॅटॅच पण बिनचूक चालत नाही. माटोळी नावाचा ग्रुप कर, स्केल १, १, १, त्याला कधीही ताणायचं नाही. दांडा त्याच्या आत, ताणलेला चालेल कारण त्याच्या आत कोणी नाही. फळं त्याच ग्रुपमध्ये, दांड्याच्या शेजारी. हा नियम सगळीकडे पाळ, स्केल मेशला, म्हणजे दिसणाऱ्या आकाराला, ग्रुपला नाही.

आता टांगणं. माटोळीच्या ग्रुपच्या मापात गाठींच्या जागा आधीच ठरवून एका यादीत ठेव. फळ सोडलं की त्याची जागा वर्ल्डटूलोकलने माटोळीच्या मापात आण, सगळ्यात जवळची रिकामी गाठ शोध, तिथे एक ग्रुप ठेव आणि फळ त्याच्या आत दोरीच्या लांबीइतकं खाली. दोरीसाठी वर पर्वरीच्या ताईंना सांगितलेलं दोन बिंदूंचं फंक्शन उचल. आणि गाठीचा ग्रुप अगदी थोडा झुलव, चार-पाच अंश, आखूड दोरीवरचा आंबाड्याचा घोस आणि लांब दोरीवरचा चिबूड एकाच वेगाने झुलवू नको. झोक्याचा वेळ वजनावर नाही, दोरीच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून लांब दोरीवरचं फळ सावकाश झुलेल असं कर, मुलांना कारण कळणार नाही पण माटोळी खरी वाटेल.

चोडण-रायबंदर फेरीबोटीचं सिम्युलेशन करतोय. बोट सरळ जाताना लाटांवर छान डुलते, पुढेमागे वेगळी आणि आडवी वेगळी. पण नदीत वळून ९० अंशावर आली की दोन्ही डुलणं एकच होतं, पुढेमागे होतच नाही. वर उभ्या केलेल्या स्कूटरी पण मागे राहतात. – एक वाचक, चोडण

तुम्हाला भेटलाय तो गिंबल लॉक, आणि मला बरं वाटलं की तो विमानात नाही, आपल्या फेरीबोटीत भेटला. तुम्ही रोटेशनचे तीन आकडे देताय, एक्स पुढेमागे, वाय वळणं, झेड आडवं. थ्री.जेएस हे तीन एक्सवायझेड या क्रमाने जोडतं, आणि क्रमात जो मधला अक्ष असतो तो ९० अंशावर गेला की बाहेरचे दोन अक्ष एकमेकांवर पडतात. तुमच्याकडे मधला वाय आहे, म्हणजे वळणं, आणि बोट तर वळणारच. ९० वर एक्सचे ५ अंश आणि झेडचे ३ अंश दिले तर बोट सरळ ८ अंश आडवी होते, कागदावर गुणाकार करून बघा, बेरीजच येते.

क्रम वायएक्सझेड करा, रोटेशनच्या ऑर्डरमध्ये एवढंच लिहायचं. आता मधला अक्ष एक्स, म्हणजे पुढेमागे डुलणं, आणि फेरीबोट ९० अंश पुढे वाकली तर सिम्युलेशनपेक्षा मोठा प्रश्न असेल, म्हणून लॉक कधी येणारच नाही. दुसरा मार्ग, बाहेरचा ग्रुप फक्त वळतो आणि सरकतो, आतला ग्रुप फक्त डुलतो. मी हाच घेईन, कारण मग धक्क्याला लागण्याचं गणित बाहेरच्या ग्रुपवर करता येतं आणि लाटा त्यात येत नाहीत.

कुठल्याही दिशेला कितीही फिरणारी वस्तू असेल, पाण्याखालचा मासा म्हणा, तर क्वाटर्नियन वापरा. हॅमिल्टन या गणितज्ञाला त्यांचं सूत्र १८४३ मध्ये डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचलं आणि त्याने ते तिथल्या पुलाच्या दगडात कोरलं. चार आकडे, लॉक नाही, आणि एका स्थितीतून दुसरीत जाताना स्लर्पने सारख्या वेगाने वळतं. तो मार्ग ग्राफिक्समध्ये केन शूमेकने १९८५ मध्ये आणला.

स्कूटरी फेरीच्या आतल्या, डुलणाऱ्या ग्रुपला अ‍ॅटॅच करा, पलीकडे उतरल्या की परत सीनला अ‍ॅटॅच. धक्का आणि बोट यामधला दोरखंड मात्र कोणाच्याच आत टाकू नका, त्याचं एक टोक हलतं, एक नाही. प्रत्येक फ्रेमला बोटीवरच्या खुंट्याची जगातली जागा काढा आणि दोन बिंदूंचं फंक्शन चालवा. बोट हलवल्यानंतर अपडेटमॅट्रिक्सवर्ल्ड बोलावून मगच ती जागा वाचा, नाहीतर मागच्या फ्रेमची मिळू शकते आणि दोर खुंट्याच्या एक पाऊल मागे धावताना दिसतो.

ब्लेंडरमध्ये उभं असलेलं घर वेबवर आणलं की पाठीवर झोपतं. का? – एक वाचक, म्हापसा

ब्लेंडरमध्ये वर म्हणजे झेड, थ्री.जेएस आणि जीएलटीएफमध्ये (वेबवर मॉडेल नेण्याची फाइल) वर म्हणजे वाय. जीएलटीएफ एक्सपोर्ट करताना 'प्लस वाय अप' ची खूण असते, ती काढली गेली असेल, परत लावा. युनिटीत पण वाय वर आहे पण तिथले अक्ष डाव्या हाताचे, अनरियलमध्ये झेड वर, डाव्या हाताचे आणि माप सेंटिमीटरमध्ये, त्यामुळे तिकडे गेलात तर शंभरपट फरक दिसला तर घाबरू नका. आणि एक्सपोर्टच्या आधी ब्लेंडरमध्ये घर निवडून कंट्रोल ए दाबून रोटेशन आणि स्केल अप्लाय करा, वेबवर घर सीनमध्ये ० अंशावर आणि १ स्केलवर यायला हवं. घराचा ओरिजिन, म्हणजे शून्यबिंदू, तळाच्या मध्यावर ठेवला असेल तर जमिनीवर बसवायला वाय ० एवढंच द्यावं लागेल.